फ्रान्सने तेल नेमकं कुठून हटवलं?

अणुविजेचा विषय निघाला की फ्रान्सचं उदाहरण येतंच. तेलाचे भाव चौपट झाले, सरकारने मनावर घेतलं, पंधरा वर्षांत देश अणुविजेवर आला. मग आपल्याला काय अडचण आहे? यातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. फ्रान्समध्ये तेल जळत होतं वीजकेंद्रांच्या बॉयलरमध्ये आणि घरं गरम करण्याच्या भट्ट्यांमध्ये. तिथून ते हटवता आलं. मोटारी आणि ट्रकमधलं तेल पन्नास वर्षांनंतरही बव्हंशी जागेवर आहे. कुठलंही अणुधोरण वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा: ही अणुभट्टी कुठलं इंधन हटवणार, कुठल्या जागेवरून, आणि दिवसाच्या कुठल्या तासाला?

ऑक्टोबर १९७३ मध्ये कच्च्या तेलाचं पिंप तीन डॉलरच्या आसपास होतं. जानेवारी १९७४ मध्ये ते साडेअकरा डॉलरच्या पुढे गेलं. फ्रान्सच्या कोळसा खाणी तेव्हा उतरणीला लागलेल्या होत्या. साठच्या दशकात जड इंधन तेल इतकं स्वस्त मिळे की ईडीएफ या सरकारी वीज कंपनीने एकामागून एक बॉयलर तेलावर नेले होते. परिणामी १९७३ मध्ये देशातली जवळपास ४० टक्के वीज तेलावर तयार होत होती. अणुविजेचा वाटा ८ टक्क्यांच्या आसपास. ६ मार्च १९७४ रोजी पंतप्रधान पियेर मेस्मेर यांनी जाहीर केलं की दोन वर्षांत ९०० मेगावॉटच्या १३ अणुभट्ट्यांची मागणी नोंदवली जाईल. संसदेत यावर मतदान झालं नाही. आज कुठल्याही लोकशाहीत असा निर्णय असा घेता येणार नाही, आणि येऊही नये. पण योजना काही एका आठवड्यात सुचलेली नव्हती. अणुविजेवरची सरकारी सल्लागार समिती १९५५ पासून कामात होती, ईडीएफचे प्रमुख मार्सेल ब्वाते हे मुळात विजेच्या दरांचे अर्थतज्ज्ञ, आणि कारखान्यांची जुळवाजुळव आधीच सुरू झालेली होती. तेलसंकटाने फक्त तिजोरीची किल्ली दिली.

एका भट्टीने किती तेल वाचतं ते कागदावर मांडून बघू. ९०० मेगावॉटची भट्टी वर्षातला ७५ टक्के वेळ पूर्ण क्षमतेने चालली असं धरलं तर सुमारे ५.९ अब्ज युनिट वीज मिळते. तेलावरच्या बॉयलरची कार्यक्षमता ३८ टक्के धरली तर एक टन तेलातून साधारण ४,४०० युनिट निघतात. म्हणजे तेवढ्याच विजेला वर्षाला १३ लाख टनांच्या आसपास तेल लागतं, ढोबळमानाने ९० लाख पिंपं. त्या जागी अणुभट्टीला वर्षाला वीसेक टन समृद्ध (विखंडन होणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेलं) युरेनियम पुरतं, आणि ते तयार करायला सव्वाशे ते दीडशे टन नैसर्गिक युरेनियम. दोन-तीन वर्षांचा साठा एका गोदामात मावतो. तेलाच्या बाबतीत तशी कल्पनाही करता येत नाही. ऊर्जा सुरक्षेच्या दृष्टीने अणुइंधनाची खरी ताकद इथे आहे. युरेनियम आयातच करावं लागतं, पण एखादी सामुद्रधुनी बंद झाली म्हणून आठवड्याभरात दिवे जात नाहीत.

एकच मॉडेल

फ्रान्सची स्वतःची, अभिमानाची भट्टी वेगळीच होती: नैसर्गिक युरेनियम, ग्रॅफाइट आणि थंड करायला कार्बन डायऑक्साइड वायू. समृद्ध युरेनियमसाठी अमेरिकेच्या दारात जावं लागत नाही म्हणून राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना ती प्रिय. पण प्रति मेगावॉट ती महाग पडत होती, आकाराने प्रचंड होती, आणि द गॉल पायउतार झाल्यावर १९६९ मध्ये सरकारने ती सोडून दिली. तिच्या जागी अमेरिकी वेस्टिंगहाउसच्या परवान्यावर फ्रामातोम कंपनीने बांधायची दाबयुक्त पाण्याची भट्टी आली. काही काळ जनरल इलेक्ट्रिकची उकळत्या पाण्याची भट्टीही स्पर्धेत होती (तारापूरचे पहिले दोन संच याच घराण्यातले). १९७५ मध्ये तिच्या मागण्या रद्द झाल्या आणि एकच प्रकार उरला. देशाभिमान बाजूला ठेवून परक्याचा आराखडा उचलणं आणि दुसरा चांगला पर्याय असूनही तो नाकारणं, हे दोन्ही निर्णय मला भट्ट्यांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात.

त्यानंतर ठोक मागणी. पहिल्या तुकडीत फेसेनहाइम आणि ब्युजे मिळून ६ भट्ट्या, दुसरीत त्रिकास्तँ, ग्राव्हलीन, दाँपियेर आणि ब्लेये मिळून १८, तिसरीत शिनों, क्रुआस आणि सँ-लोराँ मिळून १०. एकूण ३४, सगळ्या ९०० मेगावॉटच्या. गाभ्यात १५७ इंधन जुड्या, प्रत्येक जुडीत २६४ नळ्या, पाण्याचा दाब १५५ बार, तीन स्टीम जनरेटर. जागेनुसार बदलायचे ते फक्त पाया आणि थंड करण्याच्या पाण्याची सोय: समुद्राकाठी थेट पाणी, नदीकाठी बहुधा कूलिंग टॉवर. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीत ठळक फरक काय, तर टर्बाइनची दिशा फिरवली. टर्बाइनचं पातं निखळून उडालं तर ते भट्टीच्या इमारतीच्या दिशेने जाऊ नये, म्हणून. एवढा छोटा बदलसुद्धा नव्या तुकडीची वाट पाहून केला, मधेच नाही. एका केंद्रावरचा ऑपरेटर दुसऱ्या केंद्रावर गेला तर त्याला नियंत्रण कक्ष अनोळखी वाटत नसे. व्हॉल्व्ह, पंप, मोटारी एकाच साच्यातल्या, त्यामुळे सुट्या भागांचं गोदामही सामायिक.

एकसारखेपणाची खरी कमाई वेळेत होते, आणि अणुविजेत वेळ म्हणजे व्याज. साधा हिशोब करा. १०,००० कोटी रुपयांचा प्रकल्प, खर्च दरवर्षी समान, व्याजदर १० टक्के, मूळ खर्चात एका पैशाची वाढ नाही. पाच वर्षांत बांधला तर सुरू होण्याच्या दिवशी डोक्यावर सुमारे १२,८०० कोटी असतात. दहा वर्षं लागली तर १६,७०० कोटी. पंधरा वर्षं लागली तर २२,२०० कोटी. आता व्याजदर निम्मा करा, ५ टक्के, आणि दहा वर्षं लावा: १२,९०० कोटी. म्हणजे स्वस्त सरकारी कर्ज आणि जलद बांधणी यांचा परिणाम जवळपास सारखाच. फ्रान्सकडे त्या काळात दोन्ही होतं. ९०० मेगावॉटच्या बऱ्याच भट्ट्या पाच ते सहा वर्षांत उभ्या राहिल्या आणि ईडीएफच्या कर्जाच्या पाठीशी सरकार होतं. तरी एक फास बसलाच. कर्जाचा मोठा भाग डॉलरमध्ये घेतलेला, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला डॉलर वधारल्यावर हप्ते फुगले. तेलाच्या डॉलर बिलातून सुटायला निघालेल्या कंपनीला डॉलरच्याच व्याजाने गाठलं.

आकडे मात्र बोलके आहेत. १९८० मध्ये अणुविजेचा वाटा जेमतेम पाव होता, १९८५ मध्ये तो ६० टक्क्यांच्या वर गेला, १९९० पर्यंत तीन-चतुर्थांश. वीज तयार करण्यातलं तेल तोवर नगण्य झालं होतं.

वीज तयार झाली, ती वापरणार कोण?

ही बाजू आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही. एवढ्या भट्ट्या रात्रंदिवस चालवायच्या तर रात्री तीन वाजताही गिऱ्हाईक हवं. म्हणून मागणी घडवण्यात आली. घर गरम करायची तेलाची भट्टी हटवून विजेचे हीटर लावायला ईडीएफने जोर लावला, नव्या घरांना भिंतींचं उष्णतारोधन सक्तीचं झालं, आणि पाणी तापवायच्या टाक्यांना रात्रीचा स्वस्त दर मिळाला.

ही टाकीची व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये वीज ५० हर्ट्झवर चालते. त्याच तारांवरून उपकेंद्र १७५ हर्ट्झचा एक संकेत सोडतं. मीटरजवळचा रिले तो ओळखतो, कॉन्टॅक्टर (मोठा स्विच) लागतो आणि टाकीचं हीटिंग सुरू होतं. सकाळी दुसरा संकेत येतो आणि ते बंद होतं. इंटरनेट नाही, ॲप नाही. २०० लिटर पाणी १५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साडेदहा युनिटच्या आसपास वीज लागते. २,२०० वॉटचा हीटर असेल तर पाचेक तास. अशा दहा लाख टाक्या एकदम लावल्या की २,२०० मेगावॉटचा रात्रीचा भार तयार, म्हणजे जवळपास अडीच भट्ट्यांना गिऱ्हाईक. सगळ्या टाक्या एकाच क्षणी लावल्या तर ग्रिडला धक्का बसतो, म्हणून भागाभागाने वेळा वेगळ्या ठेवतात. घरोघरी टाकी म्हणजे बॅटरीच, तीही लिथियमचा पत्ता नव्हता तेव्हाची. तेल हटवण्याच्या योजनेतलं हे सर्वांत स्वस्त यंत्र असावं.

हीटरचं तसं नाही. टाकी रात्री भरून ठेवता येते, हीटर थंडी वाजते तेव्हाच लागतो. फ्रान्समध्ये हिवाळ्यात तापमान एका अंशाने उतरलं की विजेची मागणी सुमारे २,४०० मेगावॉटने वाढते. ८ फेब्रुवारी २०१२ च्या संध्याकाळी ती १०२ गिगावॉटवर गेली. तो आजवरचा उच्चांक. वर्षातल्या काहीशे तासांसाठी भट्टी बांधणं परवडत नाही, कारण तिचा जवळजवळ सगळा खर्च भांडवली असतो. चालवा की बंद ठेवा, हप्ता तोच. मग त्या तासांना गॅस, कोळसा, उरलीसुरली तेलावरची ठाणी आणि शेजाऱ्यांकडून आयात. दारातून घालवलेलं तेल थंडीच्या संध्याकाळी खिडकीतून आत यायचं. विजेच्या हीटरऐवजी हीट पंप आधीपासून लावले असते तर हा डोंगर बराच बुटका झाला असता, कारण हीट पंप एका युनिटमध्ये तीनेक युनिटांची उष्णता देतो. त्या काळी मात्र स्वस्त हीटर लावून बिल्डर मोकळे झाले आणि बिल भाडेकरूच्या माथी आलं.

भट्टी वरखाली करणं

अणुभट्टी सतत एकाच पातळीवर चालते हा समज फ्रान्सपुरता खोटा आहे. वाटा ७० टक्क्यांच्या वर गेला की रात्री काही भट्ट्यांना मान खाली घालावीच लागते. तिथल्या ९०० मेगावॉटच्या बहुतेक भट्ट्यांत यासाठी दोन प्रकारचे नियंत्रण दांडे असतात. काळे दांडे न्यूट्रॉन जोरात शोषतात. करडे दांडे कमी शोषतात, त्यामुळे ते आत सरकवले तरी गाभ्यातला उष्णतेचा समतोल फारसा बिघडत नाही. अर्ध्या तासात पूर्ण क्षमतेवरून ३० टक्क्यांपर्यंत उतरता येतं.

अडचण उतरल्यानंतर सुरू होते. विखंडनातून आयोडीन-१३५ तयार होतं, ते साडेसहा तासांच्या अर्धायुष्याने झेनॉन-१३५ मध्ये बदलतं, आणि झेनॉन न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत. भट्टी जोरात चालत असते तेव्हा न्यूट्रॉन झेनॉनला जाळत राहतात. क्षमता कमी केली की जाळणारे कमी, जुन्या आयोडीनमधून येणारं झेनॉन मात्र तेवढंच. म्हणून पुढचे काही तास ते वाढत जातं आणि भट्टी दाबून धरतं. ते भरून काढायला पाण्यातलं बोरॉन (तेही न्यूट्रॉन शोषतं) पातळ करावं लागतं, म्हणजे शुद्ध पाणी आत आणि बोरॉनयुक्त पाणी बाहेर. इंधनाच्या फेरीच्या सुरुवातीला पाण्यात बोरॉन भरपूर असतं, त्यामुळे हे सोपं जातं. फेरी संपत येते तसं बोरॉन शून्याकडे जातं, पातळ करायला उरतच नाही, आणि ती भट्टी वरखाली करण्याच्या यादीतून वगळावी लागते. म्हणून फ्रान्समध्ये कुठली भट्टी कधी इंधन बदलणार याचं वेळापत्रक आणि रोजचं भारव्यवस्थापन एकमेकांत गुंतलेलं असतं. ५७ भट्ट्या आहेत म्हणून हे जमतं. चार-पाच भट्ट्यांच्या देशाला एवढी मोकळीक नसते.

एकसारखेपणाची किंमत

ज्या गुणाने पैसा वाचवला त्याच गुणाने २०२२ मध्ये कंबर मोडली. २०२१ च्या अखेरीस सिव्हो-१ या भट्टीच्या दहा वर्षांच्या तपासणीत आणीबाणीत थंड पाणी सोडणाऱ्या नळांच्या वेल्डिंगजवळ भेगा सापडल्या. कारण ताणजन्य गंज: स्टेनलेस स्टील, गरम पाणी आणि नळात अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की धातू आतून चिरत जातो. अल्ट्रासाउंड चाचणीत अशा खुणा आधीही दिसायच्या, पण त्यांचा अर्थ वेगळा लावला जात होता. पूर्ण उलगडा नळ कापून प्रयोगशाळेत नेल्यावर झाला. आता एका भट्टीत दोष सापडला की त्या साच्यातल्या प्रत्येक भट्टीवर संशय येतो. १,४५० मेगावॉटच्या चारही भट्ट्या आणि १,३०० मेगावॉटच्या काही तपासणीला थांबवाव्या लागल्या. गंमत म्हणजे सर्वांत जुन्या ९०० मेगावॉटच्या भट्ट्या यात जवळपास सुटल्या. नव्या भट्ट्यांत याच नळांचा मार्ग बदलला होता, त्यामुळे आडव्या नळात वर गरम आणि खाली थंड पाण्याचे थर साचून ताण वाढत होता. पुढे मार्च २०२३ मध्ये पेन्ली-१ मध्ये २७ मिलिमीटर जाडीच्या नळात २३ मिलिमीटर खोल भेग निघाली. तो सांधा बांधणीच्या वेळी दोनदा दुरुस्त केलेला होता.

त्यात कोविडमुळे लांबलेली देखभाल, आणि उन्हाळ्यात ऱ्होन आणि गारोन नद्यांचं पाणी इतकं तापलं की भट्ट्यांचं गरम पाणी सोडायला तात्पुरती सवलत द्यावी लागली. २०२२ मध्ये अणुवीज २७९ अब्ज युनिटांवर आली. २००५ मध्ये ती ४३० अब्जांच्या आसपास होती. चार दशकं वीज विकणारा देश त्या वर्षी निव्वळ आयातदार झाला, तोही युक्रेन युद्धामुळे गॅसचे भाव आकाशाला भिडलेले असताना. २०२४ मध्ये उत्पादन पुन्हा ३६० अब्जांच्या वर गेलं आणि निर्यातीचा विक्रम झाला, हेही सांगायला हवं.

धोरणाची धरसोड हा दुसरा आजार. २०१५ च्या कायद्याने २०२५ पर्यंत अणुविजेचा वाटा ५० टक्क्यांवर आणायचं ठरवलं. २०१९ मध्ये ती मुदत २०३५ वर ढकलली. २०२० मध्ये फेसेनहाइमच्या दोन चालू भट्ट्या बंद केल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी बेलफोर्टमध्ये सहा नव्या भट्ट्या जाहीर केल्या, आणि २०२३ मध्ये ५० टक्क्यांचं बंधनच काढून टाकलं. दरम्यान वेल्डर निवृत्त झाले, फोर्जिंगचे कारखाने ओस पडले. फ्लामाँव्हील-३ ही नवी भट्टी त्याचा पुरावा. बांधकाम डिसेंबर २००७ मध्ये सुरू, अंदाज ३.३ अब्ज युरो आणि २०१२ ची तारीख. भट्टीच्या पात्राच्या झाकणात कार्बनचं प्रमाण ठिकठिकाणी जास्त निघालं. मुख्य वाफेच्या नळांचे आठ वेल्ड संरक्षक भिंतीच्या आत अशा जागी होते की ते दुरुस्त करायला दूरनियंत्रित यंत्रं बनवावी लागली. ग्रिडला वीज मिळाली डिसेंबर २०२४ मध्ये, खर्च ईडीएफच्याच हिशोबाने १३.२ अब्ज युरो.

नव्या सहा भट्ट्यांचा अंदाजही २०२२ मध्ये ५२ अब्ज युरोच्या आत होता. २०२५ च्या अखेरीस, २०२० च्याच किमतींवर, तो ७२.८ अब्जांवर गेला आहे, आणि पहिली भट्टी २०३८ च्या आधी अपेक्षित नाही. २०२३ मध्ये सरकारने ईडीएफ पुन्हा शंभर टक्के ताब्यात घेतली ती यासाठीच. वरचं व्याजाचं गणित खासगी सावकाराच्या दराने इथे बसत नाही.

मोटारींचं काय? ऐंशीच्या दशकापासून फ्रेंच सरकारने डिझेलवर कर कमी ठेवला. घर तापवायचं तेल आणि डिझेल हे रिफायनरीतले सख्खे भाऊ; एकाची मागणी गेली की दुसऱ्याला बाजार शोधावा लागतो, त्या धोरणामागचं हेही एक कारण. म्हणजे विजेने घरातून हटवलेलं तेल काही प्रमाणात टाकीत गेलं. नवीन तेलाचे बॉयलर बसवायला बंदी आली ती थेट जुलै २०२२ मध्ये.

कोकणच्या किनाऱ्यावर

आता हाच प्रश्न आपल्याकडे लावू. भारतात विजेसाठी तेल जवळपास जळतच नाही. गॅसवरची क्षमता सुमारे २० गिगावॉट आहे, पण ती बराच काळ बसून असते आणि एकूण विजेत गॅसचा वाटा दोनेक टक्क्यांचा. कारण महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पाचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नाफ्था या तेलजन्य इंधनावर सुरू झाला, दोन वर्षांत बंद पडला. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांची रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी आली, १,९६७ मेगावॉट. कृष्णा-गोदावरीच्या डी-६ क्षेत्रातला गॅस आटला तसा पुरवठा थांबला, आणि पुढे रेल्वेला वीज विकण्याच्या करारावर प्रकल्प तगवावा लागला. उरणचं ६७२ मेगावॉटचं केंद्रही गॅसअभावी अपुरंच चालतं. म्हणजे इथल्या विजेतून तेल-गॅस हटवायला अणुभट्टी नको. भावानेच ते हटवलं आहे.

भारतात अणुभट्टी हटवते कोळसा. ७०० मेगावॉटचा जड पाण्याचा संच ८५ टक्के चालला तर वर्षाला ५.२ अब्ज युनिट, म्हणजे अंदाजे ३५ लाख टन कोळसा, रोजच्या अडीच मालगाड्या. हवेसाठी आणि रेल्वेमार्गांसाठी हे मोठंच काम आहे. पण कच्च्या तेलाची आयात, जी गरजेच्या ८८ टक्क्यांच्या घरात आहे, ती याने एक पिंपही कमी होत नाही. ती कमी व्हायची तर बस, ट्रक, रिक्षा विजेवर हव्यात आणि स्वयंपाकघरातलं आयातीचं एलपीजी इंडक्शनवर. फ्रान्सने आधी गिऱ्हाईक घडवलं; आपल्या २०४७ पर्यंतच्या १०० गिगावॉटच्या घोषणेत ती बाजू दिसत नाही. आज क्षमता ८.८ गिगावॉटच्या आसपास आहे.

एकाच साच्याची ठोक मागणी मात्र आपणही केली आहे. २०१७ मध्ये केंद्राने ७०० मेगावॉटच्या १० संचांना एकत्र मंजुरी दिली, १.०५ लाख कोटी रुपये. माझ्या मते आपल्या अणुधोरणातला तो सर्वांत शहाणा निर्णय. पण वेळेचं काय? याच साच्याच्या आधीच्या संचांपैकी राजस्थान-७ चं पहिलं काँक्रीट २०११ मध्ये पडलं, व्यावसायिक उत्पादन एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं. वरच्या हिशोबातला पंधरा वर्षांचा आकडा पुन्हा पाहा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती विधेयक मंजूर केलं. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा जाऊन खासगी कंपन्यांना दार उघडलं. जुन्या कायद्यात यंत्रात दोष निघाला तर चालक पुरवठादाराकडे वसुली मागू शकत होता. आता ते करारात लिहिलं असेल तरच, किंवा नुकसान हेतुपुरस्सर केलं असेल तर. फ्लामाँव्हीलचे वेल्ड आणि झाकण आठवा, आणि करारातलं ते कलम किती महत्त्वाचं आहे ते कळेल. खासगी कंपनीच्या कर्जाचा दर सरकारी दराहून एखाद-दोन टक्क्यांनी जास्त असणार, तो युनिटच्या भावात दिसणार, हेही आहेच.

दुपारच्या सूर्याचा प्रश्न फ्रान्सला १९७४ मध्ये नव्हता. आपल्याकडे दुपारी सौरवीज ओसंडते आणि संध्याकाळी सहानंतर कमी पडते. आपले जड पाण्याचे संच एकसारखे चालवण्यासाठीच आहेत. नैसर्गिक युरेनियममुळे त्यांच्यात जादा प्रतिक्रियाशीलता, म्हणजे झेनॉनवर मात करायला लागणारा राखीव जोर, कमी असते. संच अचानक बंद पडला आणि अर्ध्या तासाच्या आत परत चढवता आला नाही तर झेनॉन साचतं आणि दीड दिवस थांबावं लागतं. त्यामुळे दुपारी मान खाली घालायची पाळी कोळशावरच येते. फ्रेंच टाकीची युक्ती इथे उलटी लागू होते: कृषिपंप दिवसा चालवणं हे महाराष्ट्रात सुरूच आहे, गिझर आणि गाड्यांचं चार्जिंगही दुपारी ओढता येईल.

आणि जैतापूर. माडबनच्या सड्यावर १,६५० मेगावॉटच्या सहा ईपीआर (दाबयुक्त पाण्याच्या फ्रेंच आराखड्याच्या) भट्ट्या, ९,९०० मेगावॉट, म्हणजे देशाच्या आजच्या सगळ्या अणुक्षमतेपेक्षा जास्त. ईडीएफने बंधनकारक तांत्रिक-व्यावसायिक प्रस्ताव एप्रिल २०२१ मध्ये दिला. ही तीच फ्लामाँव्हीलची भट्टी. फ्रान्स मात्र आपल्या घरी पुढच्या सहा भट्ट्या त्या आराखड्याने बांधणार नाही. त्यांच्यासाठीच्या नव्या ईपीआर-२ आराखड्यात संरक्षक भिंत दुहेरीऐवजी आतून पोलादी अस्तर असलेली एकेरी आहे, सुरक्षा यंत्रणेच्या चार स्वतंत्र फळ्यांऐवजी तीन आहेत, आणि व्हॉल्व्ह व नळांचे प्रकार खूप कमी केले आहेत, ते बांधणं सोपं व्हावं म्हणूनच. मग माडबनला जुना साचा घेतला तर साठ वर्षं त्याचे सुटे भाग कोण बनवणार, आणि नवा घेतला तर फ्रान्समध्ये पहिला चालू होण्याआधी त्याचं काँक्रीट ओतायचं का? प्रस्तावाच्या वाटाघाटीत युनिटच्या दराइतकाच हा मुद्दा टेबलावर हवा, आणि त्याच्या शेजारी ऑपरेटरला दिवसा क्षमता किती वेळा, किती टक्क्यांपर्यंत उतरवता येईल याचा लेखी आकडा.